सायबाचं टेबल

“नक्षी न्हाई, कप्पा न्हाई, अन् पाय ह्ये आसं फाकल्यालं! आत्ता जन्मल्यालं वासरू हुबं ऱ्हायलंय जनू!” शेजारच्या बाळासोनं टेबलाचं चित्र उलटंसुलटं करून बघितलं.

“ठेव त्ये खाली. हाताला तेल हाय तुज्या,” नाथाजी डाफरला.

चित्र कुठल्याशा इंग्रजी मासिकातून कापलेलं होतं. नाथाजीच्या एकुलत्या एका पोरानं, ज्ञानूनं, ते पुण्याहून पत्राबरोबर धाडलं होतं. बापाशी भांडून तो पलटणीत गेला त्याला चार वर्षं झाली. बाप म्हणे ऊस सांभाळ, पोरगा म्हणे जग बघतो. तेव्हापासून पत्रं यायची ती आईच्या नावानं. लढाई संपल्यावर तर ‘बरा आहे’ एवढंच कार्ड आलं. आणि आता, बहात्तरच्या शिमग्यानंतर, बापाच्या नावानं हे पहिलं पत्र.

चिंतामण मास्तरांनी ते वाचून दाखवलं तेव्हा अख्खी आळी दारात जमली होती.

“आबा, मला खुर्ची मिळाली आहे. पायपीट कायमची संपली. पुढच्या महिन्यात घरी येतो, आता तुमच्याजवळच राहीन. लिहिण्याचं काम घेणार आहे. त्यासाठी तुमच्या हातचं एक टेबल हवं. चित्राप्रमाणेच करा. खुर्ची करू नका.”

खुर्ची मिळाली! म्हणजे पोरगा साहेब झाला की! ज्ञानूच्या आईनं, बनुबाईनं, घरोघर साखर वाटली. लढाईत नाव काढलं, सरकार विसरतंय होय, असं रहिमतपूरच्या बाजारात ज्यानं त्यानं सांगितलं. नाथाजी वरवर म्हणायचा, “आसंल बा.” पण मिशीला पीळ पडत होता.

माळ्यावर शिसवाचा ओंडका पडून होता, तो त्यानं खाली काढला. घरचे नांगर, कुळव तो स्वतःच करायचा. ज्याला नांगराचा कोन साधतो त्याला टेबलाचा पाय साधणार नाही? पण नाही साधला! पहिले दोन पाय चुलीत गेले. तिसरा निमुळता, गोल, तिरका, हुबेहूब चित्रातला उतरला, तेव्हा गडी एकटाच हसला.

एक गोष्ट मात्र त्याला कळेना. पुढच्या दोन पायांमधल्या जागेत ज्ञानूनं आकडा घातला होता, तीस इंच, आणि खाली दोन रेघा ओढल्या होत्या. शेजारी लिहिलं होतं, ‘इथे आडवी पट्टी नको.’

“आन् सायबानं पाय कुटं टेकायचं? टेबल डुगडुगंल त्ये येगळंच,” म्हणत नाथाजीनं पट्टी ठोकलीच.

बनुबाई धान्य निवडायचं सूप बाजूला ठेवून उठली. “आवं, चार वर्सांमागं बी तुमी त्याचं ऐकलं न्हाई. काय झालं मग? आता पोर आपल्या तोंडानं ऱ्हातो म्हंतोय. एका पट्टीपायी पुन्ना घालवू नगा त्याला.”

नाथाजीनं पटाशी उचलली. त्यानं पट्टी काढली, खाचा बुजवल्या आणि मागच्या बाजूनं पाय पक्के केले.

जवसाचं तेल पाजल्यावर टेबल असं देखणं दिसू लागलं, की बाळासो दिवसातून दोनदा चक्कर मारायचा.

“तात्या, समदं ब्येस. पर नुसतंच टेबल! सायेब काय हुबा ऱ्हाऊन लिवनार?”

“खुर्ची संगं आनतोय त्यो. सरकारी आसंल. आपल्या खुर्चीत बसनार व्हय त्यो?” बोलता बोलता नाथाजीनं टेबलावरून पुन्हा एकदा फडकं फिरवलं. अभिमान होता तो, दुसरं काय?

शुक्रवारी दुपारी पलटणीची गाडी दारात थांबली. हलगी कडाडली. बाळासो हार घेऊन पुढं धावला. नाथाजी उंबऱ्यावरच थबकला. पोराला काय बोलायचं ते त्यानं महिनाभर घोकलं होतं. गाडीचा मागचा पडदा वर झाला. दोघा जवानांनी आधी खुर्ची खाली घेतली, तिची चाकं जमिनीला टेकवली, आणि मग ज्ञानूला उचलून तिच्यात बसवलं.