दोघांच्या सुया

पितळी भांड्यात उकळणाऱ्या तीन सुया.

चोपड्याच्या बैलबाजारातला नवऱ्याचा एक मुक्काम, ज्याबद्दल घरी कुणी विचारलं नाही.

पिंप्राळ्याच्या शिवारात दोन लहान खड्डे. एकावर दगड, दुसऱ्यावर बोराटीची फांदी.

वाळलेला व्रण.

१९३८. जळगावचा एक दवाखाना.

मंजुळाबाई टेबलापुढं उभी आहे. चौथा महिना. गरमीच्या, म्हणजे उपदंशाच्या, बारा सुया मागच्या गरोदरपणात तिनं एकटीनं घेतल्या, आणि रोग पुन्हा अंगात आला. आत्ताच डॉक्टरीणबाईंनी आत बोलावून तिला सांगितलंय, "नवऱ्याचा व्रण वाळला, रोग नाही गेला. तो रक्तात आहे. तो तुला देतो, तू पोटातल्या बाळाला. आधीची दोन तशीच गेली. सुया दोघांनी घ्यायच्या, मी पुरे म्हणेपर्यंत. तोवर वेगळं निजायचं. तर हे मूल जगेल."

कंपाउंडर तोतारामनं टाक शाईत बुडवला. "नवऱ्याचं नाव?"

तिनं पदराचं टोक दातांत धरलं.

नवऱ्याचं नाव बाईनं तोंडानं घ्यायचं नसतं. मागच्या खेपेलाही तिनं ते घेतलं नाही. तोतारामनं ती जागा कोरी सोडली, आणि वहीत ज्याचं नाव नाही त्याला कुणी हाक मारली नाही. तो बाहेर निंबाखाली बैलांना कडबा घालत बसला. आजही तिथंच आहे.

बाकावरची म्हातारी भिकुबाई हसली. "उखाणाम्हा ली टाक वं माय! लाज कसानी?"

बाकभर बाया खिदळल्या.

उखाणा नाही. यमक नाही.

"रुपचंद," मंजुळाबाई म्हणाली. "रुपचंद निंबा."

खिदळणं थांबलं. तोतारामचा टाकही.

"काय म्हणालीस?"

दुसऱ्यांदा तिनं ते नाव इतक्या मोठ्यानं घेतलं, की बाहेर बैलांनी माना वर केल्या. रुपचंद आत येऊन उभा राहिला. हातात कडब्याची पेंढी तशीच.

"तू मन्हं नाव लिधं? बठ्ठासमोर?"

"लिधं. तिसरा खड्डा नको माले. आते बाही वर करा."

रुपचंदनं बायांकडं पाहिलं, मग दाराकडं. भिकुबाई बाकावरून उठून दारात काठी आडवी धरून उभी होती.

"आते कोठे जाशी, भाऊ?"

पेंढी खाली पडली. रुपचंदनं बाही वर केली. तोतारामनं त्याच्या दंडाला रबर आवळलं, डॉक्टरीणबाईंनी शीर शोधली. सुई आत गेली तेव्हा रुपचंदनं डोळे मिटले. मंजुळाबाईनं मिटले नाहीत. थेंबन् थेंब आत जाताना तिनं पाहिला.

मुलगी भाद्रपदात झाली, आणि जगली. रुपचंदच्या तेव्हा तीन सुया बाकी होत्या, त्याही त्यानं घेतल्या.