बिनचहाची पाहुणी

"ज्यानं मन जिंकलं त्यानं जग जिंकलं," असं उकंडरावांनी हिंगोलीच्या डायलिसिस वॉर्डात जाहीर केलं, आणि लागलीच सिस्टरनं त्यांना सुईचा हात हलवू नका म्हणून दटावलं.

उशाशी बसलेल्या मंजुळाबाईंची मान मात्र ताठच राहिली. किडन्या निकामी झाल्यापासून नवऱ्याच्या अंगाला अशी खाज सुटायची, की बैलाचं अंग घासायचा खरारा घेऊन ते पाठ रक्तबंबाळ करून घ्यायचे. मग समुपदेशक गुंजनताईंनी त्यांना श्वासावर ध्यान ठेवून खाज नुसती बघायला शिकवलं. दीड महिन्यात जखमा वाळल्या, खरारा बैलाला परत मिळाला, आणि आज नव्या पेशंटांना चार शब्द सांगायला ताईंनी उकंडरावांनाच पुढं केलं होतं.

"खाज म्हंजे पाहुणी," ते डोळे मिटून सांगू लागले. "आली तर येऊ द्या. बसली तर बसू द्या. फकस्त चहाचं इचारू नका, म्हंजे आपोआप उठून जाती."

शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं हात जोडले. "देवमाणूस हाये वो तुमचा."

"आधी न्हवता," मंजुळाबाई म्हणाल्या, "आत्ता आत्ता झालाय."

गुंजनताई पुढच्या खाटेकडं वळल्या, तसं देवमाणसानं बायकोला खुणेनं जवळ बोलावलं.

"मंजुळे, आजची पाहुणी मुक्कामाला आलेली दिसती. डाव्या खांद्याखाली जरा हात घाल, अन् तूच तिला घोटभर चहा पाज."