आबांची चामखीळ

“ती चामखीळ काढा. चारचौघांत बरं दिसायला हवं,” आबांचा मुलगा म्हणाला. दूधसंघाच्या आवारात आबांचा पुतळा बसणार होता आणि त्याचं डिझाइन शर्वाणीच्या कॉम्प्युटरवर होतं. तिने चामखीळ काढली. मग त्याच्या सांगण्यावरून नाक सरळ झालं, शेवटी बसलेले गालही भरले. वारलेले आबा पार नवरदेव दिसू लागले.

पुतळा ओतायला देण्याआधी मुलगा आईला घेऊन आला. काकू खुर्चीत बसून बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या.

“छान आहेत हो,” त्या म्हणाल्या. “कुणाकडचे?”

“आई, अगं आबा आहेत ते!” मुलगा ओशाळला.

शर्वाणीने माउस हातात घेतला. ऑफिसच्या सर्व्हरवर फक्त मुलाने पसंत केलेला चेहरा होता. पण प्रत्येक बदलाआधी, आहे तशी फाइल स्वतःच्या कॉम्प्युटरवर चेकपॉइंट म्हणून राखून ठेवायची तिची खोड होती. ती एकेक चेकपॉइंट मागे गेली. गाल बसले. नाक वाकलं. शेवटी चामखीळ परत आली.

काकू चटकन खुर्चीतून उठल्या आणि त्यांनी डोक्यावर पदर घेतला.