डिस्कवर न उतरलेली ओळ

दादा, माझे वडील, वारले त्याच्या आदल्या दुपारी मी बदनापूरच्या घरी फाइलसिस्टिमचा, म्हणजे संगणकात फाइली साठवणाऱ्या यंत्रणेचा, बदललेला कोड तपासत होते. लिहिलेलं आधी मेमरीत थांबतं, नंतर डिस्कवर उतरतं. त्याआधी वीज तोडली तर ते जातं.

दादांनी कीबोर्ड ओढून माझ्या चाचणीच्या फाइलमध्ये लिहिलं, ‘अक्षू, जेवलीस का?’

“तोंडानं विचारा ना.”

“तू कुठं ऐकून राह्यलीस?”

मी मशीनची वीज तोडली. ओळ गेली.

दादांच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर तीच चाचणी पुन्हा लावली. या वेळी काहीच न लिहिता वीज तोडली. मशीन सुरू झालं. फाइलमध्ये ओळ होती. ‘अक्षू, जेवलीस का?’

मी पुन्हा वीज तोडली. मशीन परत सुरू झालं तेव्हा तिच्याखाली दुसरी ओळ होती. ‘बरं, निघतो मंग.’

“न्हाई जेवले, दादा,” मी मोठ्यानं म्हणाले. “बसा.”