वाक्यात उपयोग

"रिलक्टंट," धाकटा म्हणाला. "अर्थ सांग आणि वाक्यात उपयोग कर."

ताईने ओठांत धरलेल्या टाचण्या काढून डबीत टाकल्या. "नाखूश. मनातून तयार नसलेला. माय ब्रदर वॉज रिलक्टंट टु ईट." मग ती हसली. "एकेका घासासाठी घरभर फिरवायचास मला."

"वाक्य बरोबर आहे," तो म्हणाला आणि वहीत खूण केली.

चार महिने झाले, दर रविवारी सकाळी तो येत होता. खाली ताईचं कपडे दुरुस्तीचं दुकान, वर तिची खोली. घर वडिलांचं, आता दोघांच्या नावावर. आई गेली तेव्हा ताई आठवीत होती. तिची शाळा सुटली. धाकट्याची तिने सुटू दिली नाही. तो विमा कंपनीत साहेब झाला, बायकोला घेऊन दुसरीकडे राहायला गेला. ताई लोकांच्या पँटी आखूड करत राहिली, चेनी बदलत राहिली. शिकायची हौस मात्र गेली नव्हती. औषधाच्या खोक्यावरचं इंग्रजीसुद्धा ती अक्षर लावून लावून वाचायची, अडलेला शब्द रद्दीतून आणलेल्या शब्दकोशात शोधायची.

म्हणून धाकटा जाडजूड वही घेऊन आला आणि म्हणाला, "आता मी शिकवणार तुला. तेही साधंसुधं नाही, वकील लोक वापरतात तसलं इंग्रजी," तेव्हा तिने हातातली शिवण बाजूला ठेवली. त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

रविवारी दहा शब्द. आठवडाभर ते चिठ्ठीवर लिहून मशीनला चिकटवलेले. गिऱ्हाइकांचीही त्यातून सुटका नव्हती. एका लठ्ठ गृहस्थांना ती म्हणाली, "तुमची पँट ऑब्स्टिनेट आहे हो, किती उसवली तरी ऐकत नाही." ते बिचारे पोट आत ओढून उभे राहिले.

कन्सेंट, व्हॉलंटरी, ॲब्सोल्यूट. सगळं तिला चटकन यायचं. अडली ती एकाच शब्दावर.

"रिलिंक्विश म्हणजे जपून ठेवणं, नाही का?" एका रविवारी सुईत दोरा ओवता ओवता तिने विचारलं.

"हो."

"नक्की?"

"नक्की."

पुढच्या रविवारी तिने तेच विचारलं. त्याने तेच सांगितलं. तिसऱ्या रविवारी तिने वही पुढे केली. "तुझ्या हाताने लिहून दे. माझा गोंधळ होतो."

त्याने शब्द लिहिला, पुढे अर्थ लिहिला. ताई त्या ओळीकडे बराच वेळ बघत होती. मग वही मिटून चहा करायला उठली.

"तुला काही हवंय का रे?" तिने आतून विचारलं.

"म्हणजे?"

"साखर वगैरे."

"नको, पुरे आहे."

घरी गेल्यावर तो बायकोला म्हणाला, "ताईचं डोकं आता थकत चाललंय."

महिन्याभराने त्याने कागद आणला. "घराची डागडुजी करायची तर परवानगी लागते. तुझी सही हवी. इंग्रजीत आहे, पण तुला आता कसली भीती?"

"कसलीच नाही," ताई म्हणाली.

नोंदणी कार्यालयाच्या बाकावर दोघं शेजारी बसले. तिने इस्त्रीची साडी नेसली होती, मांडीवर चष्म्याचं घर धरलं होतं. धाकटा सारखा घड्याळ बघत होता. सही करणाऱ्याला इंग्रजी येत नसेल तर कागद त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगायचा, असा तिथला नियम होता. नेमकं तेच त्याला नको होतं. घर विकायचं त्याने केव्हाच ठरवलं होतं, गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. ताईने आपला वाटा सोडला की काम फत्ते. चार महिन्यांत त्याने तिला दीडशेवर शब्द शिकवले होते आणि त्यातल्या एकाच शब्दाचा अर्थ खोटा सांगितला होता.

नाव पुकारलं गेलं. अधिकारी बाईंनी कागद ताईपुढे सरकवला.

"इंग्रजी वाचता येतं?"

"येतं."

ताईने चष्मा लावला आणि सगळा कागद मोठ्याने वाचला. कुठे अडखळली नाही. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने मान वर करून बघितलं.

"छान वाचता. कोणी शिकवलं?"

"भावाने."

"भाग्यवान आहात." बाईंनी एका ओळीवर बोट ठेवलं. "तरी एक विचारते, माझं कामच आहे. हा शब्द, रिलिंक्विश. म्हणजे काय?"

"मॅडम, तिला सगळं ठाऊक आहे," धाकटा पुढे झुकून म्हणाला. "मीच समजावलंय."

"त्यांना बोलू द्या."

धाकट्याने शिकवलेलं 'जपून ठेवणं' हे उत्तर तिने दिलं की सगळं संपलं.

ताईने त्याच्याकडे पाहिलं नाही. "सोडून देणं," ती म्हणाली. "कायमचं. परत मागायचं नाही असं."

"बरोबर. म्हणजे समजून सही करताय."

"वाक्यात उपयोग करून सांगू? तशीच सवय लागलीय."

बाई हसल्या. "सांगा की."

"आय रिलिंक्विश माय हाउस अँड माय ब्रदर," ताई म्हणाली आणि तिने सही केली.