कॅमेऱ्याला शेंदूर

फार्महाऊसवाल्या साहेबानं डोळखांबच्या रानात बिबट्या टिपायचा म्हणून ऐनाच्या झाडाला कॅमेरा बांधला होता. वाघबारशीला, पाड्यावर वाघोबा पुजायच्या दिवशी, कुणीतरी त्याच्या भिंगावर तेलात कालवलेला शेंदूर थापला. तेल पार आत झिरपलं. "बघ हिरे, कॅमेऱ्यालाच वाघोबा केला तुमच्या वेड्यांनी," साहेब बंगल्यात झाडू मारणाऱ्या हिरीला हसून म्हणाला. "आता हा दुरुस्त करू की नवाच घेऊ?" हिरीनं त्याच्याकडं पाहिलं. पायताणाला चिकटलेल्या शेणाकडं माणूस याहून मायेनं बघतं. बिबट्या टिपतोय म्हणे, मेला! त्या झाडाखालच्या ओहळावर पाड्यातल्या बाया आंघोळीला उतरतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. लादी पुसताना तिनं साहेबाचा उघडा लॅपटॉप पाहिलेला. त्यात बिबट्या एकही नव्हता. ओलेत्यानं उभी तिची सून होती. "नवाच घ्या, साहेब," हिरी म्हणाली. "यंदा वाघोबाला नुसता शेंदूर लावलाय आमी. कोंबडं कापायचं राहिलंय."