बापाची निळी व्हॅन

“बोल्ट आवळतेयस का त्याला गोंजारतेयस?” उलट्या खोक्यावर बसलेला बाप ओरडला. “जोर लाव की! खाताना बरा लागतो.”

व्हॅनखाली उताणी पडलेल्या पोरीनं दातओठ खाऊन पान्याला हिसका दिला. गंजाचा भुगा नाकात गेला. ती शिंकली.

“शिंकून गाडी चालू होत नसते,” बाप म्हणाला.

असला बाप. त्याच्या जिभेपुढे अंगणातले कावळेसुद्धा आपली कावकाव गिळून टाकायचे. उभा जन्म त्यानं बस चालवली. मग एक दिवस साहेबाशी वाजलं आणि नोकरीला लाथ मारून घरी आला. असं तोच सांगायचा, आणि दर वेळी सांगताना साहेबाच्या थोबाडीत एक जास्तीची बसायची. आता तर साहेबाला दात उरले असतील की नाही, शंकाच आहे.

घरी बसून काय करणार? भंगारवाल्याकडून त्यानं ही व्हॅन उचलून आणली. चाकं चार होती, एवढ्यावरनं तिला गाडी म्हणायचं. टपावर गवत उगवलेलं, मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. ती कोंबडीही तुच्छतेनं बघून उतरून गेली म्हणतात.

पण बापानं गल्लीत दारोदार सांगून ठेवलेलं, “सोमवारी शाळा उघडतेय ना? तुमची पोरं मी सोडणार. माझ्यासारखा ड्रायव्हर शोधून सापडायचा नाही.” आया खूश झाल्या. घरात दुसरी मिळकत नव्हती. सोमवारी व्हॅन निघाली तर घर चालणार, नाही तर नाही.

आणि हा शहाणा पान्याला हात लावेल तर शपथ! सगळी मेहनत पोरीची. नुकती अठराची झाली होती, पण नखांकडे बघून कुणी म्हातारा मेस्त्री समजलं असतं. बाप नट नुसता बोटांत धरायचा, अंगठा फिरवायचा आणि भिरकावून द्यायचा. “आटे गेलेत याचे. तुझ्या डोक्यासारखे.” नवीन पार्ट आणला की खोक्यावरचं बारीक अक्षरसुद्धा तिनंच वाचायचं. “मोठ्यानं वाच. शाळेत घातली ती कशाला?” एकदा बादलीला अडखळून सपशेल आडवा झाला, तर उठून तिचीच खरडपट्टी काढली. बादली चांगली लालभडक, पिंपाएवढी.

“राजे, जरा खाली उतरा आणि पाना धरा,” पोरगी एकदा वैतागून म्हणाली.

“पाना धरायला तू. अक्कल चालवायला मी.”

“मग गाडी चालवायला तरी मी?”

“तू? तुला सायकल वळवता येत नाही. स्टिअरिंगला हात लावलास तर तंगडं मोडीन.”

कार्बोरेटर पुन्हा पुन्हा खोलून शेवटी तिनंच इंजिन चालू केलं. काळा धूर शेजारच्या वाळत घातलेल्या चादरींवर गेला, शेजारीण किंचाळली, पण इंजिन काही बंद पडलं नाही. बापानं मान तिरकी करून ऐकलं. पोरगी बाहेर आली, तोंड काळं, दात तेवढे पांढरे. आता तरी बरा शब्द निघेल म्हणून उभी राहिली.

“डबा वाजतोय,” बाप म्हणाला. “आता रंग मार. निळा. माझ्या बसचा होता तसा, गडद.”

झालं! पोरीचं डोकं सटकलं. दुकानात गेली आणि निळा सोडून गुलाबी घेऊन आली. साधासुधा नाही, बाहुलीच्या फ्रॉकचा असतो तसला. व्हॅन मागच्या शेडमध्ये ढकलली आणि दार लावून टपापासून चाकांच्या वाट्यांपर्यंत चोपडला. मिशा पिळत बस म्हणावं आता गुलाबी गाडीत, अख्ख्या गल्लीसमोर. मार खावा लागला तरी चालेल.

रविवारी रंग वाळला. संध्याकाळी तिनं व्हॅन ढकलत अंगणात आणली. आई चहा घेऊन बाहेर आली आणि जागीच थबकली. चहा बशीत सांडला. पोरीनं तोंडावर बोट ठेवलं.

बाप आला. बॉनेटवर तळवा टेकवला. दारावरनं, खिडकीच्या कडेनं हात फिरवत पूर्ण चक्कर मारली. पोरगी दोन पावलं मागं सरली. आता फुटणार बॉम्ब.

बापानं टपावर थाप मारली.

“वा! काय निळी झालीय गं. हुबेहूब माझी बस. हात बसला हो पोरी तुझा.”

टोमणा असेल म्हणून तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. टोमणा नव्हता. तो हसत होता, खरंखुरं हसत होता, पण तिच्याकडे बघून नाही. तिच्या खांद्यापलीकडच्या भिंतीकडे बघून.

पोरगी आईकडे वळली. आईनं मान फिरवली.

“किल्ली आण,” बाप म्हणाला. “उद्या सातला पोरं दारात उभी राहतील.”

त्याचा हात पुढे आला, तिच्यापासून वीतभर बाजूला. रिकाम्या हवेत तो किल्लीची वाट बघत राहिला.

पोरीनं किल्ली मुठीत घट्ट धरली.

“किल्ली मिळणार नाही. आधी मला चालवायला शिकवा. मग लायसन काढते. तोवर पोरं जातील चालत, झिजत नाहीत.”

“ए दीडशहाणे! तू चालवणार, आणि मी काय करणार?”

“शेजारी बसून शिव्या द्या,” ती म्हणाली. “त्याला डोळे लागत नाहीत.”